बधवार पार्क, रात्रीचे सव्वानऊ

सप्टेंबर २००६. पुढे होणाऱ्या दहशतवादी हल्ल्याची टेहळणी करायला डेव्हिड हेडली अमेरिकी पासपोर्टवर मुंबईत उतरतो. पुढची दोन वर्षं तो येत-जात राहतो, ताज हॉटेलमध्ये मुक्काम करतो, चित्रण करतो. परदेशी पाहुण्याला कॅमेऱ्याबद्दल कोण हटकणार? पर्यटक येणाऱ्या शहराला ते परवडतही नाही.

एप्रिल २००८. हेडली होडीतून किनाऱ्यालगत फेऱ्या मारतो, उतरायच्या जागा हेरतो.

२० सप्टेंबर २००८. इस्लामाबादच्या मॅरिएट हॉटेलच्या फाटकावर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळतो. ५० हून अधिक ठार. हल्ल्याचा इशारा मुंबईच्या ताजलाही मिळालेला असतो. त्यापायी पोर्चमध्ये गाडी उभी करायला मनाई होते, दारात मेटल डिटेक्टर बसतो. सगळा बंदोबस्त पुढच्या दाराशी. नोव्हेंबर संपायच्या आत तोही सैल पडतो. पाहुण्याची झडती घेणं कुठल्याच हॉटेलवाल्याला रुचत नाही.

१८ नोव्हेंबर. समुद्रातून येणाऱ्या संशयित बोटीची खबर गुप्तचरांच्या हाती लागते. ती तटरक्षक दलापर्यंत जाते, शोध होतो, बोट सापडत नाही. तोवर हल्ला करणारे दहा जण कराचीहून निघालेलेच नसतात. ते निघतात २२ ला.

२३ नोव्हेंबर. पोरबंदरची मासेमारी नौका ‘कुबेर’ भर समुद्रात ताब्यात घेतली जाते. चार खलाशी मारले जातात. तांडेल तेवढा जिवंत ठेवतात, कारण नौका मुंबईपर्यंत आणायची आहे.

२६ नोव्हेंबर, दुपारी सुमारे ४. मुंबईच्या इमारती दिसू लागतात. काळोख होईपर्यंत थांबायचं ठरतं. मग तांडेलचीही गरज उरत नाही. दहा जण हवा भरलेल्या बोटीत उतरतात.

रात्री ९.१५. कफ परेड, बधवार पार्कची मच्छीमार वसाहत. त्या दिवशी कटकला भारत-इंग्लंड क्रिकेट सामना आहे, वसाहतीचं लक्ष तिकडे. ताजमध्येच नोकरीला असलेला एक रहिवासी ड्युटीवर निघालाय. पाठीवर जड पिशव्या घेतलेली अनोळखी पोरं बघून तो विचारतो, कुठून आलात? विद्यार्थी आहोत, असं उत्तर येतं. तो आपल्या वाटेनं जातो. निदान त्यानं विचारलं तरी.

दहांच्या पाच जोड्या होतात. टॅक्सी मिळायला अडचण येत नाही.

सुमारे ९.४०. लिओपोल्ड कॅफे, १८७१ पासूनचं. परदेशी पाहुण्यांनी भरलेली टेबलं. ग्रेनेड, मग गोळीबार. सारं काही मिनिटांत उरकतं आणि दोघं चालत ताजकडे वळतात. तिथे आधीच दुसरी जोडी शिरलेली असते.

सुमारे ९.५०. छत्रपती शिवाजी टर्मिनस. जागतिक वारसास्थळ म्हणून पर्यटक त्याचे बाहेरून फोटो काढतात. आत मेल गाड्यांच्या हॉलमध्ये बोचकी उशाला घेऊन माणसं बसलेली असतात.  दहांपैकी कसाब आणि त्याचा साथीदार इथे पिशव्या उघडतात.

तीन दिवसांत १६६ जण मेले. एका ठिकाणी सर्वाधिक याच स्थानकात, ५० हून अधिक.