कलासवर्ण : महावीराचार्यांचे अपूर्णांकांचे गणित

न्याय, व्याकरण व साहित्य यांप्रमाणेच गणितशास्त्रातही जैन आचार्यांनी मोलाची भर घातली आहे. या परंपरेतील तेजस्वी नाव म्हणजे महावीराचार्य. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राजवटीत, इ. स. ८५० च्या सुमारास, त्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला.

शाळेत आज शिकविल्या जाणाऱ्या अपूर्णांकांच्या क्रिया या ग्रंथातील 'कलासवर्ण' प्रकरणात आल्या आहेत. कला म्हणजे भाग. सवर्ण म्हणजे समान जातीचा. नावातच विषयाचे मर्म आहे. लहानमोठे भाग थेट मिळविता येत नाहीत. आधी ते एका मापाचे करावे लागतात.

समजा, एका भागीदाराचा वाटा पाव म्हणजे १/४ व दुसऱ्याचा १/६ आहे. दोघांचा मिळून किती? आचार्यांचा नियम असा की, छेदांतील सामाईक अवयव आणि उरलेले भागाकार यांचा गुणाकार करावा. ४ व ६ यांचा सामाईक अवयव २, भागाकार २ व ३; म्हणून २ × २ × ३ = १२. यास त्यांनी 'निरुद्ध' म्हटले. आजचा लसावि तो हाच. मग ३/१२ + २/१२ = ५/१२.

गुणाकारात आधी तिरकस संक्षेप द्यावा, भागाकारात भाजकाचे अंश व छेद उलटवून गुणावे, हेही त्यांनी सांगितले. एकाची फोड १/२ + १/३ + १/९ + १/१८ अशी करण्याची त्यांची रीत तर आजही कौतुकास्पद वाटते.

मराठी मुलुखात पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत असल्याने भागांची जाण अंगी मुरत असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ती पाठांतरे हळूहळू मागे पडली. हिशेब सोपा झाला. परंतु भागाचा अर्थ निसटू लागला. अंशात अंश व छेदात छेद मिळवून विद्यार्थी १/४ + १/६ = २/१० लिहितो. हे उत्तर तर पहिल्या भागीदाराच्या एकट्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी! अशा हिशेबाने कोणाचा तरी न्याय्य वाटा बुडतो. अचौर्यव्रत मानणाऱ्या समाजाला हे भान विशेष हवे.

रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये मद्रास येथे हा ग्रंथ इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केला. लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रकाशित केला. आचार्यांचे नाव अभिमानाने घ्यावेच. त्याबरोबर 'सवर्ण' करण्याचे मर्म घराघरांतील मुलांना उमगावे, हेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.