ढगातला दगड: मुक्तिनाथच्या वाटेवरची छोटी विमानं आणि पायलटचं शिक्षण

यात्रेचा मोसम आला की मला एक प्रश्न हमखास येतो. ठाणे-डोंबिवलीकडचे, पुण्याचे, नाशिकचे लोक विचारतात, "मुक्तिनाथला जातोय, पोखऱ्याहून जोमसोमला विमानाने जावं का? ती विमानं फार जुनी असतात म्हणे." उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून ही लांब पोस्ट. मी पायलट नाही. पण अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची मला बरीच वर्षं सवय आहे. ते वाचून एक गोष्ट पक्की झाली: आपण विमानाचं वय विचारतो, विचारायला हवं पायलटच्या शिक्षणाबद्दल.

सुरुवात 1960 पासून करू. त्या वर्षी धवलगिरीवर गेलेल्या स्विस मोहिमेने सामान वर न्यायला पिलाटस पोर्टर जातीचं एक छोटं विमान नेलं होतं. नाव ठेवलं होतं 'यती'. अर्न्स्ट सॅक्सर आणि एमिल विक हे दोन पायलट ते विमान साडेपाच हजार मीटरहून उंच बर्फावर उतरवत होते. मे महिन्यात ते कोसळलं, दोघेही वाचले आणि पायी खाली आले. पुढे विक यांनी नेपाळमध्ये अनेक वर्षं उड्डाणं केली. हिमालयातलं उडणं त्या पिढीने असं शिकलं, हिंडून आणि जिवावर बेतून. लेखी धडा नव्हता. ज्याला येत होतं त्याच्या शेजारी बसून शिकायचं.

1964 मध्ये एडमंड हिलरी यांनी लुकलाची धावपट्टी बांधवून घेतली. खुंडे गावात इस्पितळ उभारायचं होतं, त्याचं सामान पोचवायला. जमीन मिळाली ती उताराची. आजही ती धावपट्टी 527 मीटर लांब आहे आणि तिला साधारण बारा टक्के चढ आहे. म्हणजे खालच्या टोकापेक्षा वरचं टोक साठ मीटर उंच, वीस मजली इमारतीइतकं. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची आहे, यावरून अंदाज घ्या. लुकलात उतरायचं चढावर आणि उडायचं उतारावर. वरच्या टोकाला डोंगर, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात "जमत नाही, परत वर जातो" म्हणायची सोय नाही. सपाटीवरच्या पायलटला पहिल्या दिवसापासून शिकवतात की शंका आली तर वर उचला आणि पुन्हा फेरी मारा. इथे तो निर्णय कितीतरी आधी, दरीतच घ्यावा लागतो.

आता थोडं विज्ञान. लुकला 2,845 मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश दाट. हवा विरळ म्हणजे इंजिनाला जोर कमी आणि पंखांना उचल कमी. काट्यावर तोच वेग दिसतो, पण प्रत्यक्षात विमान सुमारे पंधरा टक्के जास्त वेगाने चाललेलं असतं. वळणाचं वर्तुळ वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं, म्हणून तेच वळण घ्यायला जवळपास एक तृतीयांश जास्त जागा लागते. अरुंद दरीत हा फरक म्हणजे जगणं-मरणं. म्हणून डोंगरातला पायलट दरीच्या मधोमध उडत नाही. तो एका कडेने उडतो, म्हणजे माघारी वळायला पूर्ण रुंदी हातात राहते. कडा ओलांडताना समोरून सरळ जात नाही, तिरका जातो, म्हणजे पलीकडे हवा खाली दाबायला लागली तर चटकन बाजूला वळता येतं. आणि दरी इतकी आवळत जायच्या आधीच परत फिरतो की वळायला जागाच उरू नये.

हे सगळं पुस्तकात वाचून येत नाही. म्हणून लुकलासाठी नियम असा आहे की आखूड धावपट्टीवरची किमान शंभर उड्डाणं, नेपाळमध्ये अशा उड्डाणांचा वर्षभराचा अनुभव आणि प्रशिक्षकाबरोबर लुकलाच्या दहा फेऱ्या झाल्याशिवाय कॅप्टन म्हणून तिथे उतरता येत नाही. नियम चांगला आहे. तरीही 8 ऑक्टोबर 2008 ला तिथे उतरताना ट्विन ऑटर कोसळलं आणि 19 पैकी 18 जण गेले. वाचला तो एकटा कॅप्टन. धावपट्टीच्या तोंडाशी धुकं आलं होतं. म्हणजे हात शिकलेले होते, प्रश्न होता तो वेळीच परत फिरण्याचा.

आता आपल्या जोमसोमकडे येऊ. एका बाजूला धवलगिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, मधून काली गंडकीची दरी. सकाळ चढत गेली की दरीतून दक्षिणेचा जोरदार वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच उडतात. ढग आडवे आले तर सकाळ हातातून जाते. घाई तिथूनच सुरू होते.

14 मे 2012. डॉर्नियर विमान जोमसोमला उतरता उतरता परत वळताना डोंगराला घासलं. 21 पैकी 15 जण गेले. आपल्याकडची बालकलाकार तरुणी सचदेव आणि तिची आई त्यात होत्या.

24 फेब्रुवारी 2016. पोखऱ्याहून निघालेलं ट्विन ऑटर डोंगरावर आदळलं. 23 जण गेले. हे विमान त्याच्या आदल्याच वर्षी ताफ्यात आलेलं, आधुनिक उपकरणांचं.

29 मे 2022. तोच मार्ग, तीच कंपनी, पुन्हा ट्विन ऑटर. हे मात्र 1979 चं. 22 जण गेले. ठाण्याचं चार जणांचं कुटुंब त्यात होतं. अवशेष सापडले चार हजार मीटरहून उंच कड्यावर.

शेवटची दोन विमानं शेजारी ठेवून बघा. एक कोरं, एक 43 वर्षांचं. चौकशीचा निष्कर्ष दोन्हीकडे जवळपास एकच: डोळ्यांनी बघत उडायचं असताना विमान ढगात शिरलं, मार्ग चुकला, धडधाकट विमान डोंगरावर गेलं. नेपाळच्या पायलट लोकांत एक बोलणं आहे की आमच्याकडे ढगांत दगड असतात. ते सगळ्यांना माहीत होतं. तरीही दोन्हीदा ढगात शिरणं झालं.

आणि इथेच सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. विमानात डोंगर जवळ आल्याची सूचना देणारं यंत्र असतं. 2016 मध्ये त्या सूचनांचा उपयोग करून घेतला गेला नाही, असं अहवाल सांगतो. 2022 मध्ये तर यंत्राची सूचना बटण दाबून बंदच ठेवलेली होती. यात केवळ बेफिकिरी बघू नका. दरीत उडताना डोंगर कायमच जवळ असतो, यंत्र सारखं ओरडतं. रोज खोटी वाटणारी आरोळी माणूस ऐकेनासा होतो, नाहीतर बंद करतो. लांडगा आला रे आला, तसंच. मग खरा लांडगा येतो त्या दिवशी कोणी ओरडतच नाही.

यावर उपाय यंत्रात नाही, शिक्षणात आहे. कुठल्या टप्प्यावर सूचना बंद करायची आणि कुठे हात लावायचा नाही, हे शिकवावं लागतं आणि तपासावं लागतं. शेजारी बसलेल्या को-पायलटने "सर, परत फिरू या" म्हणायला हवं, आणि कॅप्टनने ते ऐकायला हवं. जगभर हे शिक्षण 1979 च्या सुमारास नासाच्या एका कार्यशाळेपासून आकाराला आलं. पण वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला टोकायचं नाही, हे आपल्याकडे काय नि नेपाळमध्ये काय, घरातूनच शिकवतात. कॉकपिटमध्ये ते उलटं शिकवायचं म्हणजे एका दिवसाचं काम नाही.

दुसरा भाग सरकारचा. नेपाळमध्ये विमानतळ चालवणारं आणि विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण एकच आहे. परीक्षा घेणारा आणि शाळा चालवणारा एकच असेल तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा? हे दोन भाग वेगळे करा, अशी मागणी कित्येक वर्षांची आहे. युरोपीय संघाने डिसेंबर 2013 मध्ये नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांवर बंदी घातली. ती 2025 मध्येही कायम होती.

तिसरा भाग आपला. इथे नेपाळला नावं ठेवून मोकळं होता येत नाही. 15 जून 2025 ला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळलं, सात जण गेले, त्यात महाराष्ट्रातलेही होते. डोंगर तोच, घाई तीच. यात्रेचं पॅकेज आपण दिवस मोजून घेतो. एक दिवस हुकला की पुढचं हॉटेल, रेल्वेचं तिकीट, सुट्टी सगळं कोलमडतं. मग काउंटरवर भांडणं होतात, "बाकीच्यांचं गेलं, आमचंच का थांबवलं?" हा आवाज कंपनीच्या मॅनेजरकडून पायलटपर्यंत पोचतो.

तेव्हा विमानाने जावं का, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. जायचं असेल तर हातात दोन दिवस मोकळे ठेवा. पहिल्या फेरीचं तिकीट मागा. पर्यटन कंपनीला पैसे भरायच्या आधी विचारा, उड्डाण रद्द झालं तर पर्यायी व्यवस्था काय आणि पैसे परत मिळतात का, आणि ते लेखी घ्या. जोमसोमपर्यंत रस्ताही आहे. खडबडीत आहे, वेळ खातो, पण आहे. आणि पायलट अर्ध्या वाटेतून परत फिरला, तर उतरताना त्याला नमस्कार करा. त्याने त्या दिवशी त्याचं शिक्षण वापरलेलं असतं.

तुमच्या ओळखीत कोणी यंदा जाणार असेल तर ही पोस्ट त्यांना जरूर वाचायला द्या.