अस्तित्व-आलेखांची कुळकथा

चिन्हांच्या ओळी न मांडता कागदावर आकृत्या काढून तर्क करण्याची ‘अस्तित्व-आलेख’ ही पद्धत अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांनी १८९६च्या सुमारास बसवली. फलप्रामाण्यवादाचे जनक म्हणून पर्स यांचे नाव राहिले; पण त्यांना स्वतःला आपली सर्वांत मोठी कामगिरी वाटे ती ही.

पर्स यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे. अणूंना रेषांनी जोडणारी रचनासूत्रे त्यांच्या परिचयाची होती. क्रियापदालाही अणूसारखेच, दुसऱ्याशी जुळणारे मोकळे हात असतात, हे त्यांनी हेरले: ‘देणे’ म्हटले की देणारा, घेणारा आणि वस्तू असे तीन. आलेखांचे नियम मोजकेच आहेत. कागदावर लिहिलेले विधान खरे धरायचे. शेजारी दुसरे लिहिले तर दोन्ही खरी. भोवती वर्तुळ काढले की निषेध. अशा मोकळ्या हाताला जोडलेली जाड रेषा म्हणजे ‘असे काहीतरी आहे’. ‘पाऊस पडला तर रस्ता भिजतो’ हे मांडायचे झाल्यास ‘रस्ता भिजतो’ छोट्या वर्तुळात, त्याच्या बाहेर ‘पाऊस पडतो’, आणि या दोहोंभोवती एक मोठे वर्तुळ. पाऊस पडतो पण रस्ता भिजत नाही, असे होत नाही, एवढाच याचा अर्थ.

१९०३ मध्ये बॉस्टनच्या लोवेल व्याख्यानांत आणि १९०६ मध्ये ‘द मॉनिस्ट’ या नियतकालिकात पर्स यांनी ही पद्धत मांडली. कोणी ती उचलली नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नोकरी १८८४ मध्येच सुटली होती, त्यामुळे परंपरा चालवणारे विद्यार्थी नव्हते. शिवाय पेआनो आणि रसेल या तर्कशास्त्रज्ञांची ओळीत लिहायची चिन्हे रूढ होत होती. गंमत अशी, की तशा बीजगणिती खुणा पर्स यांनी स्वतःच १८८५ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या.

मृत्यूनंतर कागदपत्रे हार्वर्डकडे गेली. संकलित लेखनाच्या १९३३च्या चौथ्या खंडात आलेख छापले गेले, तरी तर्कशास्त्रज्ञांनी ते गांभीर्याने घेतले नाहीत. कलाटणी मिळाली १९६४ मध्ये. जे झेमन यांनी शिकागो विद्यापीठातील प्रबंधात दाखवले, की आलेखांचे ‘आल्फा’ व ‘बीटा’ हे भाग आधुनिक विधान-तर्क आणि विधेय-तर्क यांच्या तोडीचे आहेत. १९७३ मध्ये डॉन रॉबर्ट्स यांचा या आलेखांवरचा ग्रंथ आला. आयबीएममधील जॉन सोवा यांनी १९७६ मध्ये संगणकासाठी ‘संकल्पना-आलेख’ मांडले. पुढे पर्स यांच्या आलेखांशी त्यांचा सांधा जुळला आणि २००७च्या आंतरराष्ट्रीय तर्कभाषा-मानकात त्यांना स्थान मिळाले.

शक्यता आणि अपरिहार्यता यांचा विचार करणारा ‘गॅमा’ भाग पर्स यांच्या हातून पुरा झाला नाही. आहती-वेइको पिएतारिनेन यांनी आलेखांविषयीची हस्तलिखिते संपादित करून खंडरूपाने आणल्यापासून अभ्यासकांना त्याचे कच्चे खर्डेही पाहता येतात.