वेल्हे, राजगड आणि एक अवतरणचिन्ह: क्वेरीच्या आत मॅक्रो कसा शिरला

गावपातळीच्या जनगणनेवर काम करायचं ठरवलं की पहिला प्रश्न संख्याशास्त्राचा नसतो. पहिला प्रश्न असतो, आपण ज्याला 'तालुका' म्हणतोय तो नक्की कोणता? मी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या गावयाद्या वापरते. दोन्ही मिळून तीनशेच्या पुढे गावं. 2011 च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या साधारण 1 लाख 86 हजार, वेल्ह्याची जेमतेम 54 हजार. म्हणजे एका एक्सेल फाइलीत आरामात मावणारं काम. त्यासाठी डेटाबेस, क्वेरी, मॅक्रो हा सगळा सरंजाम कशाला, असं कुणीही विचारेल.

तर आधी थोडं मागे जाऊ. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. मार्च 1948 मध्ये दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यात भोरही आलं. त्यामुळे 1941 पर्यंतचे भोरचे आकडे पुणे जिल्ह्याच्या पुस्तकात शोधून उपयोग नाही, ते संस्थानांच्या भागात सापडतात. शिवाय संस्थान एकसंध पुणे जिल्ह्यात नव्हतं. आज रायगड जिल्ह्यात असलेला सुधागड त्यातच होता. संस्थानाचे तालुके बहुतेक किल्ल्यांच्या नावाचे: विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, सुधागड, आणि राजगड. आता गंमत बघा. 2024 मध्ये राज्य सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' करायला मंजुरी दिली. म्हणजे 'राजगड तालुका' हे शब्द संस्थानी कागदात दिसले तर एक प्रदेश, नव्या कागदात दिसले तर दुसरा; आणि 1951 ते 2011 च्या जनगणनांमध्ये हेच शब्द शोधले तर हाती काहीच नाही.

जुन्या काळी हे सगळं अभ्यासकाच्या डोक्यात आणि वहीत असायचं. 1951 पासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघायला लागल्या. त्या समोर ठेवून आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचे आणि समासात शेरा लिहायचा. पानशेतचं धरण 12 जुलै 1961 ला फुटलं, त्या वर्षीची जनगणना त्याआधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली होती. हे समासात लिहिणारा माणूस आकडा वाचतानाच सावध व्हायचा. यंत्राला समास नसतो.

यंत्राकडे जाताना दोन वेगळ्या वाटा पडल्या, आणि आपली सगळी डोकेदुखी त्या दोन वाटा पुढे एकमेकींना छेदतात तिथली आहे.

पहिली वाट डेटाबेसची. 1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा लेख लिहिला. 1974 मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी 'सीक्वेल' ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. आयबीएमच्या सिस्टम आर प्रकल्पात लगेच प्रश्न आला: ही भाषा 'काय हवं' ते सांगते, पण पगारपत्रक करणारा प्रोग्रॅम तर कोबॉल किंवा पीएल-वनमध्ये आहे. मग क्वेरी त्या प्रोग्रॅमच्या पोटातच लिहायची आणि प्रोग्रॅम कंपाइल होण्याआधी एका प्रीकंपायलरने ती उचलून तिच्या जागी योग्य ती हाक बसवायची, असं ठरलं. इथे एक बारीक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्या प्रीकंपायलरला एसक्यूएल कळत होतं. प्रोग्रॅममधल्या व्हेरिएबलची किंमत क्वेरीत 'किंमत' म्हणूनच जायची, क्वेरीच्या मजकुराचा तुकडा म्हणून नाही.

दुसरी वाट संख्याशास्त्राची. सॅसचं काम 1966 च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात शेतीच्या प्रयोगांच्या आकडेवारीसाठी सुरू झालं, 1976 मध्ये कंपनी झाली. या जगात लोकांना हवं होतं ते वेगळंच: हेच विश्लेषण शंभर गटांसाठी शंभरदा टाइप करावं लागू नये. म्हणून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सॅसमध्ये मॅक्रो आले. मॅक्रोची कल्पना तेव्हाही जुनीच होती, असेम्ब्लीवाले ती 1950 च्या दशकापासून वापरत होते. आधी मजकूर बदलायचा, मग बदललेला मजकूर चालवायचा, एवढंच. मॅक्रोला अर्थ कळत नाही. भोर हे गाव आहे, तालुका आहे की टेबलाचं नाव आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कीर्तनात 'अमुक गावच्या मंडळींना नमस्कार' म्हणताना गावाचं नाव तेवढं बदलावं, तसा प्रकार.

सॅसच्या सहाव्या आवृत्तीत, 1990 च्या सुमारास, प्रॉक एसक्यूएल आलं आणि या दोन वाटा एका फाइलीत भेटल्या. मॅक्रोने क्वेरीचा मजकूर तयार करायचा, क्वेरीने उत्तर आणायचं, पुढच्या प्रोसिजरने त्यावर मॉडेल बसवायचं. सोय मोठी होती. पण जो मजकूर मॅक्रो 'आंधळेपणाने' बदलतो, तो आता अर्थ असलेल्या दुसऱ्या भाषेचा होता.

उदाहरण घेऊ. (कोड देवनागरीत लिहितेय, मशीनवर अर्थातच मूळ लिपीत लागेल.)

व्हेअर तालुका = '&ता'

इथे &ता च्या जागी 'वेल्हे' यावं ही अपेक्षा. पण सॅसमध्ये एकेरी अवतरणातला मॅक्रो उलगडत नाही, दुहेरी अवतरणातला उलगडतो. एसक्यूएलच्या नियमाने मात्र मजकूर एकेरी अवतरणातच लिहायचा. सॅसच्या स्वतःच्या टेबलांवर दुहेरी अवतरण चालून जातं, म्हणून सराव करताना काही कळत नाही. तीच क्वेरी थेट ऑरॅकलसारख्या सर्व्हरकडे पाठवली की दुहेरी अवतरणातला शब्द त्याला कॉलमचं नाव वाटतं आणि तो एरर देतो. एरर आला तर बरंच म्हणायचं. एकेरी ठेवलं तर सर्व्हर शब्दशः '&ता' नावाचा तालुका शोधतो, तो कुठे नसतो, आणि शून्य ओळी परत येतात. तक्रार कुणाचीच नाही. यासाठी लोकांनी अवतरणचिन्ह लपवून शेवटी प्रकट करणाऱ्या युक्त्या काढल्या आणि त्या एका पिढीकडून दुसरीकडे लोणच्याच्या कृतीसारख्या जात राहिल्या. अनेक प्रयोगशाळांतल्या जुन्या कोडमध्ये त्या आजही दिसतील, का आहेत हे विचारू नका.

उलट्या दिशेची सोयही आली: क्वेरीचं उत्तरच मॅक्रोत भरायचं. पहिल्या क्वेरीने वेल्ह्यातल्या गावांचे कोड आणायचे, स्वल्पविराम घालून एका मॅक्रोत साठवायचे, दुसऱ्या क्वेरीत 'इन' च्या कंसात ओतायचे. भोर-वेल्ह्याची तीनशेवर गावं यात छान बसतात. मग मार्गदर्शक म्हणतात, आता अख्खा पुणे जिल्हा घ्या. जिल्ह्यात गावं अठराशेच्या वर, आणि ऑरॅकलने कितीतरी वर्षं या कंसात एक हजाराच्या वर नोंदी घेतल्याच नाहीत. जिल्ह्यावरून राज्यावर गेलात तर सुमारे 43 हजार गावं. सहा अंकी कोड आणि स्वल्पविराम धरला तर तीन लाख अक्षरं होतात, आणि सॅसच्या मॅक्रोची कमाल लांबी 65,534 अक्षरं. दोन तालुक्यांवर तपासलेला कोड बरोबर होता हे खरंच, पण तो यादी छोटी होती म्हणून चालत होता. यादी मॅक्रोत न भरता डेटाबेसमध्येच टेबल म्हणून ठेवायची आणि जॉइन करायचा, म्हणजे हा सगळा प्रश्नच उरत नाही.

स्टेटाची तऱ्हा निराळी. ते 1985 मध्ये बाजारात आलं, आणि त्यात मॅक्रो इतके हाडीमांसी आहेत की त्यांच्याशिवाय डू-फाइल लिहिताच येत नाही. पुढे ओडीबीसीतून क्वेरी पाठवायची सोयही झाली. पण स्टेटात जो लोकल मॅक्रो दिलेलाच नाही, तो रिकामा समजला जातो. सॅस निदान लॉगमध्ये इशारा देतं, स्टेटा गप्प. समजा मॅक्रोत नुसतं नाव नसून पूर्ण अट आहे, 'अँड तालुका = वेल्हे' अशी. तुम्ही डू-फाइलीतल्या मधल्या चार ओळी निवडून चालवल्या, लोकल मॅक्रो वरच्या ओळीत राहून गेला. अट गायब. आता आलेली आकडेवारी वेल्ह्याची नाही, सगळ्या जिल्ह्याची आहे. सरासरी निघते, प्रमाण चूकही छान लहान येते कारण ओळी भरपूर. प्रबंधाच्या तक्त्यात 'वेल्हे' शीर्षकाखाली हवेलीची माणसं बसतात. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वात धोकादायक दोष आहे, कारण बाकीचे दोष काम अडवतात, हा काम पुढे नेतो. उपाय अगदी गावठी: प्रत्येक क्वेरीनंतर ओळी मोजायच्या, आणि गावयादीतल्या संख्येशी जुळल्या नाहीत तर प्रोग्रॅम तिथेच थांबवायचा.

आरमध्ये मुळात असे मजकूर बदलणारे मॅक्रो नाहीत. तिथे लोकांनी आधी स्ट्रिंगा चिकटवून क्वेरी बनवल्या, म्हणजे तोच आंधळेपणा हाताने. मग डीबीआय पॅकेजमधून पॅरामीटर पाठवायची पद्धत रुळली, आणि 2017 मध्ये वेगळ्या झालेल्या डीबीप्लायरने आरमध्ये लिहिलेलं वाक्यच एसक्यूएलमध्ये भाषांतरित करायला घेतलं. थोडक्यात सिस्टम आरला 1970 च्या दशकात जे सुचलं होतं, किंमत किंमत म्हणूनच जाऊ द्या, तिथे संख्याशास्त्रवाले चाळीस वर्षांनी पोचले. मधल्या काळात वेबवाल्यांना तोच धडा चोरांकडून मिळाला: 1998 पासून जाहीर चर्चेत आलेलं एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे परक्या माणसाने भरलेला मॅक्रोच.

मग मॅक्रो सोडून का देत नाही? कारण पॅरामीटर फक्त किंमत नेतो. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव तो बदलू शकत नाही. मला 2001 चं टेबल आणि 2011 चं टेबल एकाच कोडने चालवायचं असेल तर नाव मॅक्रोनेच बदलावं लागतं. आणि ही दोन टेबलं एकसारखी नाहीत. 2001 मध्ये गावाचा कोड आठ अंकी होता, 2011 मध्ये सहा अंकी झाला. त्यात कुणी कोड 'संख्या' म्हणून आयात केला की सुरुवातीची शून्यं गळतात आणि जॉइन जुळत नाही. ओसाड गावं हा आणखी एक मामला: त्यांना कोड असतो, लोकसंख्या शून्य असते, आणि ती एका टेबलात असून दुसऱ्यात नसली तर साध्या जॉइनमध्ये मुकाट्याने गळून जातात. भाटघर, पानशेत, वरसगावच्या पाण्याखाली जमीन गेलेल्या या खोऱ्यांमध्ये गाव यादीत का नाही हा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

म्हणून मी वाटणी अशी करते. टेबलाचं नाव मॅक्रोत, तेही ठरलेल्या चार-पाच नावांपैकीच. तालुका कधीही नावाने नाही, कोडने, आणि तो पॅरामीटर म्हणून. नावांसाठी वेगळं जुळणी-टेबल: कोड, नाव, कोणत्या वर्षापासून, कोणत्या वर्षापर्यंत, आणि शेऱ्याचा एक कॉलम. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे आकडे येतील तेव्हा त्या टेबलात 'राजगड' ची ओळ लागेल, आणि संस्थानी 'राजगड' ची ओळ तिच्या वर आधीपासून असेल, वेगळ्या कोडने.