चंद्रकांत : शब्द आणि वस्तू

चंद्रकिरणांच्या स्पर्शाने पाझरणारा मणी या अर्थाने ‘चंद्रकांत’ हा शब्द संस्कृतातून मराठीत आला. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात वक्ता व श्रोता यांच्या संबंधाला त्याचाच दृष्टांत दिलेला आढळतो. मणी द्रवतो खरा, पण ती हातोटी चंद्राची, असा त्याचा आशय होय.

आज रत्नपारखी ज्यास चंद्रकांत म्हणतात, ते फेल्डस्पार वर्गातील खनिज आहे. ते पाझरत नाही. त्यात ऑर्थोक्लेज व अल्बाइट यांचे सूक्ष्म थर एकाआड एक असतात. त्यांवर प्रकाश विखुरला म्हणजे आभा तरंगू लागते. थर पातळ असल्यास ती निळसर, जाड असल्यास पांढरी दिसते. स्वच्छ पारदर्शक अंगावर निळी आभा असलेला मणी सर्वाधिक मोलाचा; श्रीलंका अशा मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र थर तळाशी समांतर राहतील असा घुमटाकार घाट दिला नाही, तर आभा मध्यावरून ढळते व उत्तम खड्याचेही मोल घटते.

बाजारातील ‘इंद्रधनुषी चंद्रकांत’ तर बहुधा लॅब्रॅडोराइट असतो. तात्पर्य, नाव एक म्हणून वस्तू एक, असे अभ्यासकाने मानू नये. ज्ञानेश्वरीतील उल्लेखावरून यादवकाळी हा खडा व्यापारात होता, असे अनुमान निघत नाही. त्या उल्लेखाने सिद्ध होते ते एवढेच की, तत्कालीन श्रोत्यांना हा कविसंकेत परिचित होता.