कागजीपुरा
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील, हातकागदाच्या व्यवसायावरून नाव पडलेले खेडे. दौलताबादहून खुलताबादकडे चढत जाणाऱ्या रस्त्यालगत, काळ्या बेसाल्टी डोंगरांच्या सान्निध्यात ते वसलेले आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणली (→ दौलताबाद), तेव्हा तिच्यामागोमाग आलेल्या कागद्यांनी ही वस्ती केली, अशी परंपरा असून, त्याच व्यवसायातील मुसलमान कुटुंबे येथील लोकवस्तीचा मूळ गाभा होत. चिंध्या कुजवून, कुटून व धुऊन केलेला लगदा पाण्याच्या हौदात कालवावयाचा, चौकटीवरील बारीक चाळणीने त्याचा पातळ थर अलगद उचलावयाचा, ओला ताव भिंतीवर चिकटवून वाळवावयाचा आणि खळ लावून गुळगुळीत दगडाने तो इतका घोटावयाचा, की बोरूची शाई फुटू नये, अशी येथील कृती होय. दफ्तरे, सनदा व पोथ्या यांस असा टिकाऊ कागद लागे. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे मात्र ही मागणी ओसरली. निजामी अमलातील हा प्रदेश १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला (→ मराठवाडा, हैदराबाद संस्थान). (→ कागद; खुलताबाद).