चाल आपलीच आहे की रे!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा श्रीगोंद्याला गेलो होतो. शेख महंमद बाबांच्या समाधीपाशी टेकलो आणि आजोबांशी घातलेला एक जुना वाद आठवला.

तेव्हा मी कॉलेजात होतो, मर्ढेकरांनी पुरता झपाटलेला. नवकाव्यानं जुनं सगळं मोडीत काढलं, असं येताजाता ऐकवायचो. आजोबा म्हणाले, "वाच बघू एखादी." मी 'काही कविता'तली अभंगाच्या वळणाची एक वाचली. ते मांडीवर ताल धरून ऐकत होते. "चाल आपलीच आहे की रे! पण पांडुरंग कुठाय ह्यात?" मी फटकन म्हणालो, "तुम्हाला नाही कळायचं ते."

खरं तर मलाच कळलं नव्हतं. 'काही कविता' आली १९४७ साली. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. मुंबईची गर्दी, यंत्रं, माणसाचं किडामुंगीसारखं जिणं, हे सगळं मर्ढेकरांनी संतांच्याच ओवी-अभंगात ओतलं. 'पंक्चर'सारख्या इंग्रजी शब्दाचं थेट मराठी क्रियापद केलं. लोक बिथरले. पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले.

पण परका शब्द, परका विषय ओवीत आणणं नवं होतं का? सतराव्या शतकात, गावाचं नाव चांभारगोंदे होतं तेव्हा, शेख महंमदांनी 'योगसंग्राम' ओवीतच लिहिला. अध्यात्माचा ग्रंथ, पण नावातच लढाई! स्वतःला 'अविंध' म्हणवणारा हा माणूस वारकऱ्यांचा संत झाला. ओवीनं त्यालाही सामावून घेतलं.

मग नवं काय? आजोबांनी विचारलं तेच. शेख महंमदांच्या लढाईचा शेवट ठरलेला आहे, गोविंद भेटणारच. मर्ढेकरही देवाला हाका मारतात, पण ओ येईलच याची खात्री त्यांना नाही. ओवी तीच, भरवसा तेवढा गेलेला. म्हणून ती जुनी चाल इतकी बोचते. मुक्तछंदात लिहिलं असतं तर पांडुरंगाची आठवणही झाली नसती, आणि तो नाही हेही जाणवलं नसतं.

हे आजोबांना सांगायचं राहून गेलं. आता ते नाहीत. घरातलं कुणी वाचत असेल तर एवढंच सांगतो, त्या दिवशी कविता त्यांनाच कळली होती.

असो.